चालून आलेलं मशीन

मशीन निघालं आणि सगळा हॉल एकदम गप्प झाला.

कपडे धुण्याचं जुनं मशीन. कडा गंजलेल्या, रंग कधी काळी पांढरा असावा. घरघरत, डुगडुगत, एकेक खांदा पुढे टाकत ते अर्धगोलात मांडलेल्या खुर्च्यांकडे चाललं होतं. मागे वायर शेपटीसारखी फरफटत होती. झाकणावर लाल फितीने बांधलेला एक म्हातारा टोस्टर, आणि त्याच्या दोन्ही फटींत फुलं खोचलेली.

"कुणाकडे जातंय?"

"तुमच्याकडे वाटतं."

"छे हो, माझा नंबर लागला मागेच. इस्त्री आली माझ्याकडे."

"दातांचे डॉक्टर. बघा, त्यांच्याकडेच."

मशीन दातांच्या डॉक्टरांच्या गुडघ्याला जाऊन भिडलं. मागे सलूनच्या जुन्या फिरत्या खुर्चीत बसलेल्या गृहस्थाने हात लांबवून प्लग काढला आणि मशीन थांबलं. डॉक्टरांचे डोळे भरून आले. घरी त्यांचे आधीचे दोन टोस्टर आहेत. स्वतः पावाला हात लावत नाहीत, पेशंटलाही खाऊ देत नाहीत, दातात अडकतो म्हणून.

"मी विकत नाही," खुर्चीतला गृहस्थ हात जोडून म्हणाला. "मी कोण विकणारा? मी फक्त मध्यस्थ. माणसाला वाटतं आपण वस्तू निवडतो. अहो, वस्तू माणूस निवडते. आणि चालून आलेल्या गोष्टीला कधी नाही म्हणू नये."

सगळे त्याला मध्यस्थजी म्हणत. मी मनातल्या मनात प्लगबुवा म्हणायचे.

प्लगबुवाच्या हॉलमध्ये 'किंमत' हा शब्द चालत नसे. 'निरोपाचं पाकीट' म्हणायचं. 'जुनं' म्हणायचं नाही, 'अनुभवी' म्हणायचं. टोस्टर बिघडलेला आहे का असं विचारलं तर उत्तर यायचं, "सध्या मौनात आहे." वस्तू परत करायची तर सोयच नव्हती. "नाकारलेली वस्तू रुसते," तो आवाज खाली आणून सांगायचा, "आणि विजेची वस्तू रुसली तर काय होतं, हे मी बोलून दाखवत नाही."

आपल्याकडे स्थळ चालून येतं, नोकरी चालून येते, संधी चालून येते. पण ती सगळी बोलण्यापुरती चालतात. इथे खरोखर काहीतरी चालत आलं म्हटल्यावर भल्याभल्यांचं डोकं चालेनासं झालं.

मशीन गेलं तिथे फरशीवर ओली रेघ उमटली होती. "वियोग," प्लगबुवा हळूच म्हणाला. "टोस्टर आता दुरावणार, म्हणून रडतंय ते." शेजारच्या बाईंनी रुमाल काढला. मला मात्र वास आला. बादलीत विसरलेल्या ब्लँकेटचा वास. इतका ओळखीचा की नाकाने ओळखला, पण डोक्यापर्यंत पोचलाच नाही. कारण मीही तोंड उघडं टाकून मशीनच बघत होते.

आमच्या ह्यांच्याकडे तर वस्तूंची रांगच लागली होती. हे निवृत्त स्टेशनमास्तर. आयुष्यभर जे जे समोर आलं, ते दोन मिनिटं थांबून शिट्टी मारून निघून गेलं. निवृत्तीनंतर ह्यांना थांबणारं काहीतरी हवं होतं. ते मला कळत होतं, म्हणून पहिल्या रेडिओला मी काही बोलले नाही. मग पाठोपाठ मिक्सर आले, हत्तीच्या सोंडेसारखा व्हॅक्यूम क्लीनर आला. एकदा पार्लरमधला केस वाळवायचा टोप आला. दुपारी हे त्या टोपाखाली पेपर वाचत बसायचे. डोक्यावर केस नाहीत. मशीनच्या झाकणावर मावणार नाहीत असे फ्रिजसुद्धा आले, नुसती त्यांची दारं चालत आली आणि धडं मागाहून टेम्पोने.

हे सगळं आईंच्या खोलीत रचलं गेलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून त्या नणंदेकडे होत्या. आता काठी घेऊन चालू लागल्या होत्या आणि त्यांना घरी यायचं होतं. जिने चढायला डॉक्टरांनी मनाई केलेली. आमच्या घरात खाली एकच खोली, बाथरूमला लागून. ती त्यांची.

"माझी खोली रिकामी झाली का गं?" आई रोज फोनवर विचारायच्या.

"होतेय, आई."

"होतेय म्हणजे काय? दूध तापतंय का ते?"

मी ह्यांच्याकडे बघायचे, हे फ्रिजकडे.

"पाठवून कशा देऊ?" हे म्हणायचे. "चालून आल्यात त्या."

"आईपण चालूनच येणारेत. काठी टेकत. त्यांना काय सांगू?"

हे उठून टोपाखाली जाऊन बसायचे.

मग एकदा मी घरच्या मशीनमध्ये जाड ब्लँकेट टाकलं. पिळायची वेळ आली आणि ब्लँकेटचा गोळा एका बाजूला जमला. मशीन धडधडायला लागलं, जागचं सुटलं आणि स्वयंपाकघरातून थेट चहा पीत बसलेल्या ह्यांच्या दिशेने निघालं. तोच वास. आता मात्र डोक्यापर्यंत पोचला.

"अहो बघा," मी म्हटलं, "आपलंही चालतंय. वजन एका बाजूला गेलं की हे असंच होतं. तुमच्या त्या मध्यस्थाचं हेच गुपित आहे."

हे उठले. कप खाली ठेवला. थरथरणाऱ्या मशीनवर अलगद हात ठेवला.

"जागं झालं," हे पुटपुटले. "खोलीतल्या बाकीच्यांची संगत."

त्या दिवसापासून आमच्या मशीनमध्ये मळके कपडे घालायला बंदी झाली. मी हाताने कपडे घासत विचार करत होते. इतकी वर्षं घराघरात मशीनं चालतायत आणि बायका धावत जाऊन त्यांना धरतायत. तेव्हा ती कटकट असते. समोर खुर्च्या मांडल्या की तोच चमत्कार होतो. बरं, हॉलमधल्या बहुतेक पुरुषांनी मशीनचं झाकण कधी उघडलेलं नव्हतं. आणि बायकांना ओळखता आलं नाही, कारण त्यांच्या मशीनने कधी डोक्यावर फुलं घातली नव्हती.

आईंना काही मी थांबवू शकले नाही. एका सकाळी नणंदेने त्यांना दारात आणून सोडलं. आईंनी खोलीचं दार ढकललं. ते अर्धंच उघडलं.

"माझ्या पलंगावर फ्रिज झोपलाय," त्या म्हणाल्या.

"आई, तो अनुभवी आहे," हे म्हणाले.

"मी काय नवीन आहे का?" मग माझ्याकडे वळून, "ज्याने माझी खोली गिळली त्याचं तोंड मला दाखव."

रात्र त्यांनी बैठकीतल्या सोफ्यावर काढली. सकाळी उठताना मी त्यांना हात दिला तर त्यांनी ओठ घट्ट मिटले होते. पुढच्या सभेला आम्ही तिघं वेळेआधीच पोचलो.

वेळेआधी, कारण हॉल झाडायची सेवा बायकांकडे होती. वस्तू निवडायच्या पुरुषांना, झाडू निवडायचा बायकांना. प्लगबुवा आतल्या खोलीत तयार होत होता, हे बाहेर चपला रांगेत लावत होते. हॉलमध्ये मी, आई आणि मशीन. झाकणावर लाकडी पेटीतला भलाथोरला टीव्ही बांधला होता. फीत जरा सैल करून मी झाकण फटीपुरतं उचललं. आत ओलं ब्लँकेट चौघडी घालून एकाच बाजूला दोरीने बांधलेलं. मग वाकून खाली पाहिलं. पुढचे दोन्ही स्क्रूचे पाय पार आत फिरवून आखूड केलेले. मशीन पुढे झुकलेलं, म्हणून पुढे चालणार. समोर मधली खुर्ची, आणि तिच्यावर कुणाला बसवायचं ते प्लगबुवा ठरवणार. झालं. संपलं गुपित.

घरी मशीन समतल करायचं असलं की एकीने रेलायचं आणि दुसरीने पाय फिरवायचे. रेलायचं काम नेहमी आईंचं. आईंचं वजन हे आमच्या घरातलं एक भरवशाचं हत्यार आहे.

"रेला, आई."

त्या काठी टेकवून पुढून मशीनवर रेलल्या. पुढची बाजू उचलली गेली. मी खाली बसून पाय फिरवायला लागले.

"समतल कर गं. म्हणजे जागचं हलणार नाही."

"समतल नको. जरा मागे झुकू दे."

आईंनी मान वळवून मागच्या सलूनच्या खुर्चीकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"असं होय," त्या म्हणाल्या. "मग अजून दोन आटे फिरव."

सभा भरली. प्लगबुवाने ह्यांचा हात धरून त्यांना मधल्या खुर्चीत बसवलं. हे ताठ बसले, जणू गाडी यायची वेळ झालीय. प्लगबुवाने खुर्चीत बसून प्लग लावला.

मशीन घरघरलं. टीव्ही डुलला. मशीन थोडं थरथरलं, आणि मागे सरकलं.

"मागे कुठे?" कुणीतरी म्हणालं.

"पुढे. पुढे," प्लगबुवा प्रेमाने म्हणाला. मशीन आणखी मागे गेलं. प्लगबुवाने पाय वर घेतले. प्लगकडे हात लांबवला, तर मध्ये मशीन येऊन उभं. त्याने खुर्ची फिरवली, तर खुर्ची गोल फिरून पुन्हा मशीनसमोरच. मशीन पायठेवणीला धडका देऊ लागलं.

मग हे उभे राहिले. ह्यांनी हात जोडले.

"मध्यस्थजी, तुम्हाला निवडलं त्याने."

"धन्य," दातांचे डॉक्टर म्हणाले. "चालून आलंय. नाही म्हणू नका."

"अहो, पण मी..."

"रुसेल ते," मागून एक बाई म्हणाल्या. "टीव्ही आहे. मोठा आहे. मोठ्याचं रुसणंही मोठं."

"पण निरोपाचं पाकीट?" डॉक्टरांना खरोखर चिंता पडली. "ते तुम्ही स्वतःलाच द्यायचं, की आम्ही मध्यस्थी करू?"

टीव्हीची फीत सुटत आली होती. पेटी प्लगबुवाच्या मांडीकडे कलली.

"अहो बंद करा ते आधी," तो ओरडला. "कुणीतरी पाय फिरवलेत त्याचे."

ह्यांनी जाऊन प्लग काढला.

"पाय फिरवले म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

प्लगबुवा टीव्ही सावरू लागला.

"पाय फिरवले की दिशा बदलते?" हे सावकाश म्हणाले. "म्हणजे सांधा बदलला." रुळांचा सांधा बदलला की गाडी दुसऱ्या मार्गाने जाते; त्यात गाडीची इच्छा नसते. ते ह्यांना मी समजावू शकले नसते. ते ह्यांच्या रक्तातच होतं.

मी टीव्ही उतरवायला लावला, झाकण उघडलं आणि ब्लँकेट बाहेर ओढून सगळ्यांसमोर पिळलं. धार लागली.

"हा तुमचा वियोग," आई म्हणाल्या.

"हा श्रद्धेचा प्रश्न आहे," प्लगबुवा म्हणाला.

"मग तपासू," मी म्हटलं. "ब्लँकेट परत बांधते, पाय पुन्हा आखूड करते. तुम्ही सगळे उठून भिंतीला लागून उभे राहा. मशीन त्या मधल्या रिकाम्या खुर्चीकडे जाईल, हे आत्ताच सांगते."

आई रेलल्या, मी पाय फिरवले. मशीन निघालं. डुगडुगत, खांदे टाकत, थेट रिकाम्या खुर्चीकडे. खुर्चीच्या पायाला ते मोठ्या भक्तिभावाने धडका देत राहिलं. खुर्चीचे काही डोळे भरून आले नाहीत.

"म्हणजे माझे टोस्टर?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"टोस्टर आहेत ते," आई म्हणाल्या. "पाव भाजतात. भाजत असतील तर."

प्लगबुवाने मागच्या दाराने जायला पाहिलं, पण दारात डॉक्टर उभे होते आणि पाकिटं परत मिळेपर्यंत हलायला तयार नव्हते. कुणी त्याला हात लावला नाही. पाकिटं परत करून तो गेला, मशीन मात्र मागे ठेवलं. रुसेल याची भीती त्याला एकट्यालाच नव्हती.

घरी हे आईंच्या खोलीच्या दारात बराच वेळ उभे राहिले.

"मला वाटलं," हे म्हणाले, "काहीतरी माझ्यासाठी म्हणून आलं. आणि पुढे जाणार नाही."

मी फ्रिजचं एक टोक धरलं. दुसरं ह्यांनी धरलं.

खोली रिकामी होता होता ह्यांनी पहिला रेडिओ कुशीत घेतला.

"हा रेडिओ..." हे अडखळले. "हा मला आवडतो."

"मग तसं म्हणा ना. ठेवा."

माझं म्हणणं एवढंच आहे. आवडलं तर घ्या. खिसा बघा, जागा बघा, घरात कुणाला कुठे झोपायचंय ते बघा आणि घ्या. जुनं असो, बिघडलेलं असो, तुमची हौस आहे. पण 'मी घेतलं' असं म्हणा. वस्तूला पाय नसतात. असले तर ते स्क्रूचे असतात आणि कुणीतरी फिरवलेले असतात. वस्तूने तुम्हाला निवडलं असं कुणी सांगितलं, तर नमस्कार करण्याआधी झाकण उघडा आणि आत काय ओलं आहे ते हात घालून बघा. हात धुता येतात.

खोली पुसून झाली. पलंग मोकळा झाला, उशाशी रेडिओ ठेवला. बाहेरून काठीचा आवाज आला, ठक, थांबून ठक. हे दाराच्या एका बाजूला सरळ उभे राहिले, फलाटावर उभे राहायचे तसे.

आई उंबऱ्यापाशी थांबल्या. ह्यांच्याकडे बघितलं.

"चालून आलेय," त्या म्हणाल्या. "नाही म्हणू नये."