भुरीचा वाटा

कुरखेड्याच्या बाजारातून गुणवंत मास्तर वर्तमानपत्र घेऊन आले आणि शाळेपुढच्या मोहाखाली त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. रशियानं एक कुत्री यंत्रात बसवून आकाशात सोडली होती. पण मास्तरांच्या कौतुकाला गावात गिऱ्हाईक नव्हतं. मंगलीची पोर बिबट्यानं अंगणातून उचलून नेली, त्याला आठवडाही झाला नव्हता.

विधवा सोमारी मात्र कान देऊन ऐकत होती. तिच्या मांडीला टेकून भुरी बसली होती. घरात या कुत्रीशिवाय तिला दुसरं कुणी नव्हतं. गाव शिकारीला निघालं की भुरी पुढं, आणि परतल्यावर मटणाचे वाटे पडत तेव्हा माणसांसारखाच तिचाही एक वाटा. वाटा रानातून परतलेल्यालाच द्यायचा, अशी रीत.

"मास्तर, थे कुत्री वापस कवा येते?"

"येत नाही, सोमारीबाई. आणायची सोयच नाही."

"काऊन? पैसा कमी पडला?"

"करोडो लागले!" मास्तर म्हणाले, जसे काही त्यांच्याच खिशातून गेले. "पण साऱ्या जगाचं भलं आहे त्यात. तिच्या खाण्याची व्यवस्था केली आहे आत."

"म्हंजे वाटा आदीच देला," सोमारी म्हणाली.

वारलू पाटील तेव्हा खाकरला. जंगलखात्याचा शिकारी बकरी बांधून मचाणावर बसून थकला होता. बिबट्याला चटक कुत्र्यांची, आणि गावातली बाकी सगळी कुत्री त्यानं केव्हाच संपवली होती.

"सोमारीबाई, भुरी लागते."

मंगली समोरच बसली होती. ती काही बोलली नाही. बोलली असती, तर सोमारीला भांडता तरी आलं असतं.

"मास्तर, त्या कुत्रीले आत कोनं बसवलं?"

"पेपरात नाही ते." मास्तरांनी घडी घातली. "जो रोज खाऊ घालत असेल, त्यानंच. दुसऱ्याचं ती कशाला ऐकेल?"

दिवस कलताना सोमारीनं घरातलं होतं नव्हतं ते सुकं मटण भुरीपुढं टाकलं आणि तिला नाल्याकाठी नेऊन बांधलं. भुरीला दोरी ठाऊक नव्हती. खेळच समजून ती शेपूट हलवत बसली.

"हे तर भुंकूनच नाही राह्यली," शिकारी मचाणावरून म्हणाला. "बिबट येईन कसा?"

सोबत आलेल्या पाटलानं मान खाली घातली. "तू इथी हाय म्हणून गप हाय थे, सोमारीबाई. तू जाय."

सोमारी उठली. थोडी पुढं गेली तोच भुरी कुंईकुंई करू लागली, मग भुंकू लागली, मग तिनं गळाच काढला. सोमारी थांबली. भुरी लगेच गप्प झाली.

मचाणावरून शिकाऱ्यानं हात हलवला: चल, चल.

सोमारी पुन्हा चालू लागली.