त्या मानाने

“हा ठिपका तुमच्या शाळेचा,” साहेबांनी लॅपटॉप मोठ्या बाईंकडे वळवला. “आणि ही रेघ म्हणजे अशा मुलांकडून जेवढी अपेक्षा असते तेवढी. तुम्ही रेघेच्या वर आहात. अभिनंदन.”

मोठ्या बाईंनी चष्मा पुसून ठिपका पाहिला. मुलांचे आईबाप काय करतात, घरी कोणती भाषा बोलतात, अभ्यासाला कोपरा तरी आहे का, अशी सगळी कुंडली शिक्षण खात्याने यंदा मांडली होती आणि मार्कांशेजारी ठेवली होती. पाचवी ते आठवीच्या या सरकारी शाळेची कुंडली काही राजयोगाची नव्हती. कुणाची आई सिमेंट कालवायची, कुणाचा बाप बाजारात हमाली करायचा, कुणाच्या घरी तिसरीच भाषा चालायची. तरी शाळा सुटल्यावर जादा तास घेऊन घेऊन बाईंनी निकाल वर ओढला होता. म्हणूनच साहेब स्वतः आले होते. खात्याच्या स्पर्धेत ‘प्रोत्साहन’ गटातलं बक्षीस या शाळेला मिळणार हे ठरल्यातच जमा होतं. बक्षीस म्हणजे प्रयोगशाळा, तीही नळासकट.

“त्या मानाने तुमची मुलं फारच हुशार आहेत,” साहेब अगदी मनापासून म्हणाले.

बाईंचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. हे शब्द त्यांच्या जुन्या ओळखीचे. इस्त्रीवाल्याची मुलगी, त्या मानाने स्वच्छ बोलते. बाईमाणूस, त्या मानाने शाळा बरी चालवते. कौतुकाच्या प्रत्येक घासाला हा खडा लागायचा आणि बाई तो मुकाट्याने गिळत आल्या होत्या. आज तो मुलांच्या ताटात पडला होता.

दुसरा गट कोणता, असं त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, खुला गट. शहरातल्या सगळ्या शाळांचे सातवीचे वर्ग, सगळ्यांना एकच पेपर, आणि बक्षीस फक्त पहिल्या शाळेला. नाव एकाच गटात देता येतं. तिथे तुमचा निभाव लागायचा नाही, हेही त्यांनी आपुलकीने सांगितलं. वाईट माणूस नव्हता तो. बाईंनी उद्या कळवते म्हणून त्यांची बोळवण केली.

बाईंच्या मनात खुला गट आहे हे विज्ञानाच्या सरांना कळलं तेव्हा ते पाण्याची बादली घेऊन जिना चढत होते. वर्गात नळ नाही, त्यामुळे प्रत्येक प्रयोगाला पाणी खालून वाहून आणायचं. मुलं त्यांना बादलीसरच म्हणायची. पदरात पडलं आणि पवित्र झालं म्हणायचं सोडून हे कसलं खूळ, असं त्यांनी जिन्यातच सुनावलं.

“तुमच्या मानापमानापायी मुलांची प्रयोगशाळा जाईल, बाई.”

बोलणं खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. बाईंना दुपारचा डबा गोड लागला नाही. शेवटी त्या सातवीच्या वर्गावर गेल्या आणि दोन्ही गट मुलांपुढे मांडले, काही न लपवता. वकीलबाई उठली. सिमेंट कालवणारीची ही मुलगी वादात कुणाच्या बापाला ऐकायची नाही, म्हणून वर्गानेच तिला ही सनद दिलेली.

“बाई, तो प्रोत्साहनाचा गट कुणासाठी?”

“ज्यांची परिस्थिती बेताची, त्यांच्यासाठी.”

“पण पेपर कोण लिहिणार? परिस्थिती, का आम्ही?”

वर्ग खो खो हसला. बाई हसल्या नाहीत. हरलात तर नळ कायमचा गेला, असं त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. खुल्या गटासाठी वर झालेले हात काही खाली आले नाहीत. मागच्या बाकावरच्या नव्या पोराला अजून भाषा धड कळत नव्हती, पण त्याने तर दोन्ही हात वर केले होते.

बादलीसरांनी बाईंशी बोलणं टाकलं. शिकवणं मात्र टाकलं नाही. सगळा राग त्यांनी अभ्यासावर काढला. शाळा सुटली की दाराशी उभे राहून एकेकाला पकडून आत बसवायचे. गणित अडलं की मुलं एकमेकांना आपापल्या घरच्या बोलीत समजावायची आणि अपूर्णांकांचा नुसता बाजार भरायचा. बाई व्हरांड्यातून ऐकायच्या. कधी उमेद वाटायची, कधी आपण पोरांचं नुकसान केलं असं मनात यायचं.

निकालाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. साहेब पाचव्या क्रमांकापासून वर वाचत निघाले. पाचवी आली ती पोहण्याचा तलाव असलेली शाळा. चौथी आली तिच्या मुलांच्या गळ्यात टाय होते. बाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. आता आपलं नाव कसलं येतंय, असं त्यांच्या मनात आलं, आणि साहेबांनी तिसरा क्रमांक म्हणून त्यांच्या शाळेचं नाव वाचलं.

बाई पुढच्या शब्दांची वाट पाहत राहिल्या. अशा परिस्थितीतही, किंवा त्या मानाने, असं काहीतरी शेपूट येणार याची त्यांना जन्माची सवय होती. साहेबांनी पान उलटलं आणि दुसऱ्या क्रमांकाचं नाव घेतलं. वाक्य तेवढंच होतं. प्रयोगशाळा गेली होती, आणि तरी बाईंना इतका आनंद झाला की टाळ्या वाजवायच्याच राहून गेल्या.

इतक्यात बादलीसर खुर्च्यांमधून वाट काढत आले. कित्येक आठवड्यांनी ते त्यांच्याशी बोलत होते.

“बाई, पोरं बाहेर रडताहेत. वकीलबाई म्हणते पेपर पुन्हा तपासा. तुम्ही जरा समजूत घाला.”

बाई दारापर्यंत गेल्या. सगळा वर्ग पायऱ्यांवर तोंड पाडून बसला होता. गेल्या वर्षापर्यंत काठावर पास झाली तरी ही मुलं वर्गभर नाचायची. आज शहरात तिसरी आली होती आणि मुसमुसत होती. वकीलबाई डोळे पुसत कुणाला तरी सांगत होती की शेवटचं गणित घाईत चुकलं, नाहीतर पहिला नंबर कुठे जात नव्हता.

“समजूत नको, सर,” बाई म्हणाल्या. “पहिला नंबर हुकला म्हणून रडताहेत. आपल्या शाळेत आजवर कुणी यासाठी रडलं नाही. रडू द्या पोटभर.”

सरांनी एकदा मुलांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. मग दोघंही वरच्या पायरीवर, मुलांच्या मागे जाऊन बसले.