फॉल लावणारे हात

माझे हात माझ्यानंतर वीस मिनिटांनी कामावर पोचतात. हृदय माझ्या आधी तीन तास पोचतं. पाठ येतच नाही. ती घरी गादीवर असते.

मी मिरजेत हेमलता वहिनींच्या फॉल-पिकोच्या दुकानात काम करते. मशीनवर पिको नसीम करते. हाताने फॉल लावायचं काम माझं. टाका साडीच्या दर्शनी बाजूला दिसता कामा नये, एवढीच अट. शेवटचा दोरा मी कात्रीने नाही, दातांनी तोडते.

वहिनी सकाळी सातला शटर उघडून झाडून घेतात, तेव्हा पायरीवर माझं हृदय बसलेलं असतं. धडधडत असतं. वहिनी त्याला आत घेतात आणि रिळांच्या डब्यात ठेवतात.

"अजून काही झालेलं नाही," त्या त्याला सांगतात. "दुकानसुद्धा उघडलेलं नाही."

त्याला ते पटत नाही.

दहाला मी येते आणि स्टुलावर बसते. पाठ नसली तरी बसता येतं, फक्त कुठे टेकता येत नाही.

"हात?" नसीम विचारते.

"निघालेत."

"कुठवर आलेत?"

ते मला सांगता येत नाही. वाटेत जे दिसेल ते माझे हात उचलून बघतात. येतात तेव्हा त्यांना कधी कोथिंबिरीचा वास असतो, कधी बोटांना ओला रंग. एकदा मागच्या गल्लीतल्या एक बाई दुकानात आल्या.

"हिचे हात आमच्याकडे अर्धे मटार सोलून गेले," त्या म्हणाल्या. "उरलेल्यांचं काय?"

"बाई, मी तेच विचारत असते," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही निदान आमटी तरी करा अर्ध्यांची."

याआधी एका मेडिकलच्या दुकानात आणि एका बालवाडीत माझ्या हातांची वाट पाहून झाली होती. मेडिकलवाल्यांनी आठ दिवस पाहिली, बालवाडीने महिनाभर. वहिनींनी दीड वर्ष पाहिली.

सांगलीच्या डॉक्टरबाईंनी एका कागदावर तीन नावं लिहून दिली : एडीएचडी, चिंता, नैराश्य. गोळ्याही दिल्या. गोळ्यांच्या आधी हृदय पहाटे चारला यायचं आणि हातांचा तर वारसुद्धा ठरलेला नसायचा. मी कागद वहिनींना दाखवला. त्यांनी चष्मा लावला.

"यातलं हातांचं कुठलं?"

"पहिलं."

"आणि पाठीचं?"

"शेवटचं."

"मधलं माझ्या रिळांच्या डब्यात आहे," असं म्हणून त्यांनी कागद परत दिला.

"तीन तीन नावं!" नसीम म्हणाली. "आमच्याकडे बाळाचं एक ठेवायचं तर चार भांडणं होतात."

थंडी सुरू झाली आणि हातांना आणखी उशीर होऊ लागला. पावणेअकरा. साडेअकरा. एका सोमवारी ते दुपारी तीनला आले आणि कुठल्या तरी कुलपाची किल्ली टेबलावर ठेवून कामाला लागले. कुणाची किल्ली, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आरवाडे काकू मुलीचा हिरवा शालू घेऊन आल्या. लग्न रविवारी होतं. काकू गेल्यावर वहिनींनी मला जवळ बोलावलं.

"उद्या बाराला त्या शालू न्यायला येतील. तुझे हात दहाला इथे नसले तर मी दुसरी मुलगी बघेन. मला वाईट वाटेल, ऋजुता. पण बघेन."

डब्यात हृदय इतकं उडालं की झाकण खाली पडलं.

मी घरी येऊन आईला सांगितलं. मला ही जागा सोडायची नव्हती. दुसरीकडे कुणी पायरीवरून हृदय उचलून आत घेत नाही.

"मीच नेते धरून," आई म्हणाली.

शनिवारी सकाळी हात बटणांच्या डब्यातली बटणं रंगांप्रमाणे लावत होते. पिवळ्यांपर्यंत आले होते. आईने ते पकडले, जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातले आणि पिशवीला गाठ मारली. मग ती गादीपाशी गेली. दिवाळीपासून पाठ तिथून हललेली नव्हती. आई तिला सरकवून चादर बदलायची.

"चल बाई, आज तूही चल," आई तिला म्हणाली.

आईने तिची गुंडाळी केली आणि चादरीत बांधून जिना उतरली. मी मागोमाग उतरले. हृदय केव्हाच पुढे गेलेलं होतं.

रिक्षावाल्याने मान वळवून पाहिलं.

"मावशी, एवढं सामान?"

"सामान नाही रे. मुलगी आहे माझी."

"मग या कोण?"

आईने माझ्याकडे पाहिलं. सीट भरली होती. पाठ आडवी ठेवल्यावर आईलाच कशीबशी टेकायला जागा उरली होती, आणि मांडीवर पिशवी चुळबुळत होती.

"तू ये गं मागून," आई म्हणाली. तिचा चेहरा बऱ्याच दिवसांनी खुलला होता.

मी चालत निघाले. नेहमीचाच रस्ता होता. मी कुठेही थांबले नाही. थांबून काही हातात घ्यावं, तर हात नव्हते. तरीही दुकानापाशी पोचले तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती.

आत आरवाड्यांकडच्या सहा-सात बायका उभ्या होत्या. काचेतून मला माझं स्टूल दिसलं. त्यावर पाठ भिंतीला टेकून ताठ बसली होती. तिच्यासमोर हात शालूला फॉल लावत होते, भराभरा, एकसारखे बारीक टाके. हृदय शालूच्या घडीवर होतं. माझ्या छातीत ते इतकं शांत कधीच बसलं नव्हतं.

"बघा, कशी बसलीय कामाला!" वहिनी सगळ्यांना सांगत होत्या. "दहाच्या ठोक्याला आली."

दारात नसीम उभी होती.

"ताई, आत जागा नाही. साडी टाकायची असेल तर थोड्या वेळाने या."

"नसीम, मी आहे."

"हो, पण आता ऋजुताला कुणी हाक मारू नका. आज पहिल्यांदा वेळेवर आलीये बिचारी."

तेवढ्यात आई बाहेर आली. ती फोनवर मावशीशी बोलत होती.

"पोचली गं एकदाची. अगदी वेळेवर. हो, हो, सगळी." पायरी उतरताना तिने माझ्या खांद्याला हलकेच बाजूला केलं. "जरा सरकता का?"

मी सरकले. आई डोळे पुसत रस्त्याने चालू लागली.

काचेपलीकडे शेवटचा टाका पडला. हातांनी गाठ मारली. आता दोरा तोडायचा तेवढा राहिला होता. वहिनींनी कात्री पुढे केली. हातांनी ती घेतली नाही. त्यांनी दोरा ताणून धरला आणि वर उचलला, पाठीच्या वर, जिथे माझा चेहरा असायला हवा तिथपर्यंत, आणि ते तसेच थांबले. आरवाडे काकूंनी घड्याळाकडे पाहिलं. घडीवरचं हृदय हळूहळू धडधडायला लागलं.

मी काचेला ओठ टेकवले आणि तोंड उघडलं.