उतरलेल्या पट्टीतला शेवट

बारा वाजता घंटा होणार होती आणि तिच्यामागून लग्नाचे वऱ्हाड चर्चमध्ये शिरणार होते. माझ्या घड्याळात अकरा वाजून एकेचाळीस मिनिटे झाली होती.

सोळाव्या शतकातल्या त्या लॅटिन प्रार्थनागीताचे ध्वनिमुद्रण शेवटच्या दोन ओळींवर अडले होते. आधीची साडेतीन मिनिटे निर्दोष होती. त्या दोन ओळींवर खर्ज गाणारा बाल्तझार खोकला. दुसऱ्या दिवशी एव्होरा शहरात त्याच्या घशाची शस्त्रक्रिया ठरलेली होती, आणि नंतर आवाज राहील असे एकही डॉक्टर म्हणाला नव्हता. संपूर्ण गीत पुन्हा गाण्याइतका दम त्याच्यात नव्हता. दोन ओळी मात्र निघाल्या असत्या.

त्या गाऊन झाल्या. मी हेडफोन लावून आधीच्या मुद्रणाशी त्यांचा जोड तपासला. तो जुळत नव्हता.

"काय झालं, सेन्योर आनीबाल?" बाल्तझारची धाकटी बहीण लेओकादिया हिने विचारले. गायकवृंद तीच चालवीत असे.

वाद्याची साथ नसलेला वृंद गाता गाता नकळत खाली सरकतो. तिचा वृंद साडेतीन मिनिटांत जवळजवळ पाव स्वर उतरला होता; नवा शेवट मात्र तिने सूर देणारा नादकाटा वाजवून मूळ पट्टीत सुरू करून दिला होता. आपला सूर हलत नाही, असे ती एकवीस वर्षे अभिमानाने सांगत आली होती.

वृंदाचा सूर उतरल्याचे मी सांगितले.

"माझा वृंद उतरत नाही. तुमचं यंत्र बिघडलं असेल."

"असेलही, दोना लेओकादिया. पण हा तुकडा मला जोडता येत नाही."

"लेओ," बाल्तझार घोगऱ्या आवाजात म्हणाला, "लहानपणी अंजिराच्या झाडावरून पडायचीस आणि म्हणायचीस, उडी मारली. ठेव तो काटा."

घंटेचा दोर धरून उभा असलेला कुश्तोदियो कोपऱ्यातून म्हणाला, "मी थांबायचा नाही हं. नवरीची आई मला कच्चा खाईल."

अकरा बावन्न. लेओकादियाने भावाकडे पाहिले, काटा पिशवीत टाकला.

"वाजवा."

खोकल्याच्या आधीची ओळ मी लहान स्पीकरवर ऐकवली. स्वतःच्याच उतरलेल्या सुरावरून त्यांनी पट्टी उचलली आणि शेवट गायला.

अखेरचा स्वर सुटला. आता घुमारा विरेपर्यंत कोणी हलायचे नव्हते. त्या घुमटाखाली त्याला सात सेकंद लागत.

तिसऱ्या सेकंदाला बाल्तझारचे खांदे हलले. त्याने तोंडावर मूठ दाबली. मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आले. लेओकादियाचा हात वर तसाच होता. नजर फक्त त्याच्यावर. पाच. सहा. कुश्तोदियोने दोरावरची पकड बदलली.

हेडफोनमध्ये काहीच उरले नाही, तेव्हा मी मुद्रण संपल्याची खूण म्हणून वर धरलेले बोट खाली केले.

"खोक आता," ती म्हणाली.

तो खोकत असतानाच बाराचा पहिला टोला पडला.