आयर्न बार्जचा गिटारवाला

पेडण्यात बाबलीच्या दुकानात कुणी जळकी मोटर वायंडिंगला टाकली, की तिच्याबरोबर एक गोष्ट फुकट मिळायची. "आमचो बँड होतो. आयर्न बार्ज! गिटारार मी!" गिऱ्हाईक मान हलवायचं आणि बाहेर पडून हसायचं. डिचोलीकडं खाणी धडाक्यात चालायच्या त्या काळात पोरांनी असला कानठळ्या बसवणारा मेटल बँड काढला होता, एवढं जुन्या माणसांना आठवत होतं. पण हा एवढासा बाबली आणि गिटार? थापाड्या मेलो!

त्याच्या लेकीच्या, सेजलच्या अंगाची मात्र लाही व्हायची. "थापाड्याचा चेडू" म्हटलं म्हणून तिनं शाळेत एकीच्या वेण्या उपटल्या होत्या. गिटारवाल्याची मुलगी म्हणून ती हट्टानं मेटल ऐकायला लागली आणि मग त्या गोंगाटाच्या खरोखरच प्रेमात पडली. बाप खरं बोलतो, हे एकदा तरी तिला सगळ्यांना ऐकवायचं होतं.

तुयेच्या कारखान्यात तिच्याच शिफ्टला लाटंबार्शेचा साईश होता. विसरलेल्या बँडांचा भारी नादिष्ट! गाजलेले सगळेच ऐकतात, पण मागे पडले ते का पडले, हे त्याला जाणून घ्यायचं असायचं. आयर्न बार्जचं नाव सेजलकडून ऐकलं आणि गडी पेटलाच. डिचोलीत माईक-स्पीकर भाड्यानं देणाऱ्या एका म्हाताऱ्याचं डोकं खाऊन खाऊन त्यानं शेवटी कॅसेट मिळवली. ट्रकवाल्यांच्या सार्वजनिक सत्यनारायणाला बँड वाजला होता, तेव्हा म्हाताऱ्यानं आपल्या बॅटरीच्या टेपवर तो भरून घेतला होता.

रविवारी दुपारी साईश टेप घेऊनच घरी आला. सेजलच्या आईनं, सुमंगलानं, चहा आणि पोदेराकडचे उंडे पाव पुढं ठेवले. बाबली म्हणाला, "आता कित्याक ता? माका दुकानात काम आसा." रविवारी कसलं दुकान! सेजलनं त्याला हाताला धरून बसवलं.

टेप लागली. पहिल्यांदा नुसती खरखर, आणि मग असा काही दणका आला की सुमंगलाच्या हातातला कप हिंदकळला. आई गे! गिटार नुसती चवताळली होती. "हे इतकी वर्षं कुणी ऐकलंच नाही?" साईश ओरडला. सेजलचे डोळे भरून आले. तिनं बापाकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता.

तेवढ्यात गिटार गप्प झाली. गाणंही थांबलं. ड्रम तेवढा एकटा वाजत राहिला. वीज गेली असणार. लोकांनी हुर्यो उडवली आणि टेपच्या अगदी जवळून कुणीतरी बोंबललं, "बाबली! खंय मेलंस रे? जनरेटर!"

लांबून, धावता धावता, उत्तर आलं. "इलंय रे, इलंय!"

तो आवाज सेजलनं जन्मभर ऐकला होता.

साईशनं टेप थांबवली.

"मी जनरेटर सांभाळी होतंय," बाबली म्हणाला. "गिटार कृष्णनाथ वाजवी."

"आणि मी लोकांशी भांडत बसले!" सेजल तडकली. "तुझ्यासाठी! खरं सांगायला काय धाड भरली होती तुला?"

"गिटारवाल्याची गोष्ट सगळे ऐकतत गो," बाबली खालमानेनं म्हणाला. "जनरेटरवाल्याक कोण इचारता?"

सेजल उठली. तिला बापाचं तोंड बघवत नव्हतं. ती दारापर्यंत गेली असेल नसेल, मागून साईशचा आवाज आला.

"पण काका, थांबा. जनरेटरला झालं काय होतं? तुम्ही चालू कसा केला?"

बाबलीनं मान वर केली. साईश थट्टा करत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"डिझेलात पाणी गेल्ला," बाबली चाचरत म्हणाला. "आणि फुडे बसलेले बघणारे आमका मारूक उठलेले. मी पाइप काढलंय, तोंडात धरलंय आणि वडलंय. सगळा डिझेल घशात!"

दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगायचा तसं हे नव्हतं. हात हवेत फिरत नव्हते. शब्द शोधून शोधून तो सांगत होता. हे त्यानं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, अगदी सेजललासुद्धा.

राग गेला नव्हता. तरी सेजल दारातून परत फिरली आणि बापाच्या समोर फतकल मारून बसली.

"मगे?" ती म्हणाली. "फुडे काय झाला?"