पावती पाहिली

तपासनिसाने पिशवीतून तेलाची बाटली काढून टेबलावर ठेवली. तिच्याशेजारी साबणाची वडी, मग तांदळाची किलोची थैली. शेवटी खिशातून एक पावती काढून त्याने ती तळहाताने सपाट केली आणि समोर बसलेल्या बाईपुढे सरकवली.

"गेल्या महिन्यात तुम्ही त्या किराणा दुकानातून बाहेर पडलात आणि तासाभरात मी आत गेलो," तो म्हणाला. "साधं गिऱ्हाईक म्हणून. तेल मला एकशे बेचाळीसला मिळालं. तुमच्या तक्त्यात काय आहे?"

"एकशे अठ्ठावीस." तिला तक्ता बघावा लागला नाही.

"साबण?"

"एकतीस."

"मला चौतीसला पडला. तांदळाचं विचारतच नाही."

 बाटली तीच होती, तोच छाप, तेच माप. झोपेतही तिने ती ओळखली असती.

बाजारात तिला सगळे भाववाल्या ताई म्हणत. घासाघीस करण्यात पटाईत म्हणून नव्हे. ती भाव फक्त विचारायची आणि लिहून न्यायची, विकत काहीच घ्यायची नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी त्याच अकरा दुकानांत त्याच सत्तेचाळीस वस्तू. देशभर तिच्यासारखी शेकडो माणसं हेच करत, आणि सगळ्यांचे तक्ते जमा होऊन प्रत्येक विभागाचा महागाईचा आकडा निघे. तिचा विभाग लहान, भाव घेणारी ती एकटीच. गेलं वर्षभर सगळ्या विभागांचे आकडे चढत होते. किनाऱ्याकडे चढले, डोंगराकडे चढले, राजधानीचं तर बोलायलाच नको. हा एकच विभाग मांडी घालून बसला होता. वरच्या साहेबांना आधी याचं कौतुक वाटलं, मग शंका आली, आणि शंका आली म्हणून तपासनीस आला.

"घरी बसून भरता का तक्ते?"

"नाही हो साहेब! दुकानात उभी राहून, विचारून, तिथल्या तिथे लिहिते."

"आणि पावती? त्या दिवशी फाडलेल्या पावतीशी भाव ताडून बघता?"

तक्त्यातला शेवटचा रकाना त्यासाठीच होता. वर छापलेलं होतं 'पावती पाहिली', आणि खाली प्रत्येक वस्तूपुढे बरोबरची खूण करायची. पहिली काही वर्षं तिने इमानेइतबारे पावत्या पाहिल्या. पण जो माणूस वर्षानुवर्षं तुम्हाला बघितल्याबरोबर आधी पंखा तुमच्याकडे वळवतो, त्याला 'पावती दाखवा' म्हणायला जीभ रेटत नाही. मग ती खुणा कचेरीत परतल्यावर करू लागली, वरपासून खालपर्यंत, एका दमात.

"बघते," ती म्हणाली.

 नोकरी वर्षावर्षाच्या करारावर होती, आणि हा करार महिनाअखेर संपत होता. नव्या करारावर साहेब सही करणार ते तपासनिसाचा अहवाल बघूनच. नवरा कारखान्यात होता. त्याचा पगार घरात शिरायच्या आधीच अर्धा संपलेला असायचा. मुलीचं कॉलेज चाललं होतं ते हिच्या पगारावर, आणि ते अजून दोन वर्षं चालायचं होतं.

"चला," तपासनीस उठला. "आज मंगळवारच आहे. दोघं मिळून जाऊ."

वाटेत त्याच्या एका बुटाचा तळ सुटत आला होता आणि दर पावलाला फटफट वाजत होता. माणूस वाईट नव्हता, हेच वाईट होतं. आरडाओरडा करणाऱ्या माणसावर निदान चिडता तरी येतं. तिला सारखी शेजारीण आठवत होती. यादीतल्या दुकानांतून स्वतःसाठी खरेदी करायची नाही असा नियम होता, म्हणून हा स्वस्त बाजार तिने मोठ्या मनाने शेजारणीला सुचवला होता. शेजारीण दोन बस बदलून गेली आणि फणकारतच परत आली. "कुठला मेला स्वस्त? आपल्या कोपऱ्यावरचाच भाव!" तेव्हा ही मनात म्हणाली होती, हिला भाव करता येत नाही, दुसरं काय.

किराणावाल्याने तिला पायरीवर पाहिलं आणि सवयीने पंख्याची मान वळवली.

"या ताई. आज बरोबर कोण?"

"कचेरीतले साहेब आहेत," ती म्हणाली. "काका, तेल काय भाव?"

साठीचा माणूस, जाड भिंगांचा चष्मा. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"एकशे तीस. दोनच वाढले."

तपासनिसाने गेल्या महिन्याची पावती काउंटरवर ठेवली. "मला एकशे बेचाळीसला दिलंत."

किराणावाल्याने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. पुसून काही फरक पडला नाही, अक्षर त्याचंच होतं.

"साहेब, ताईंचं यात काही चुकलेलं नाही," तो म्हणाला. "त्यांना बोलू नका. तुम्ही लोक त्यांना बोलता म्हणूनच तर हे झालं."

"आम्ही काय बोलतो?"

"भाव वाढले की वरून बोलणी खावी लागतात ना त्यांना! गेल्या वर्षी मी तेल वाढलं म्हणून सांगितलं, तर ताई इथे, या जागेवर, रडायलाच लागल्या. तेलाचा भाव ऐकून! पाणी दिलं तरी थांबेनात. मग आम्ही ठरवलं, बाईमाणसाच्या पोटावर पाय नको. जास्त नाही, थोडंसं कमी सांगायचं. खरं वाटेल इतपतच."

 तो मंगळवार तिला चांगलाच आठवत होता. आई जाऊन चौथा दिवस होता. भावाची तारीख चुकवता येत नाही आणि बदली माणूस नाही, म्हणून ती तक्ता घेऊन बाहेर पडली होती. बाकीची दुकानं कोरड्या डोळ्यांनी झाली. इथे पंखा आपल्याकडे वळताना पाहिला आणि तिचा बांध फुटला. काकांनी भाव किती सांगितला तेही तिला आठवत नव्हतं, फक्त लिहिला होता. भाव वाढले म्हणून कचेरीत तिला आजवर कुणी चकार शब्द बोललं नव्हतं. पण आपण का रडलो हे तिने बाजारात कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

"आम्ही म्हणजे कोण कोण?" तपासनिसाने विचारलं.

"आम्ही म्हणजे मी. मी एकटाच."

"आणि पावती? ताई पावती बघतात ना?"

 किराणावाल्याने तिच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं.

"बघतात की. दर वेळी बघतात. मीच त्यांच्यापुरती वेगळी फाडून ठेवायचो."

इतकं बेधडक खोटं तो गिऱ्हाइकाशीसुद्धा कधी बोलला नसेल. तिने मान खाली घातली आणि गप्प राहिली. गप्प राहण्याची तिला लाज वाटली, तरी ती गप्पच राहिली.

 तपासनिसाने आवाज न चढवता विचारलं, "काका, या आकड्यावर काय ठरतं माहीत आहे का? कारखान्यांचा महागाई भत्ता. या विभागातल्या सगळ्या कारखान्यांचा. वर्षभर आकडा हलला नाही, म्हणून वर्षभर भत्ता हलला नाही."

किराणावाला मागच्या पोत्यावर हळूच बसला. गेले कितीतरी महिने तो येईल त्याच्यापुढे एकच रडगाणं गात होता. माणसं हात आखडता घेतात, लिटरवाले अर्ध्यावर आलेत, अर्धावाले पाववर.

"म्हणजे आम्हीच..." तो म्हणाला. 

तिला नवऱ्याचा आवाज ऐकू आला. 'यंदाही भत्ता वाढला नाही.' आणि त्यावर आपलं उत्तरही ऐकू आलं. 'पण भाव तरी कुठे वाढलेत? मीच लिहिते ना.' किती ठसक्यात म्हणायची ती.

"एका दुकानदाराने फसवलं असेल, तर माझं काम सोपं आहे," तपासनीस तिच्याकडे वळला. "हे दुकान यादीतून जाईल, तुमच्यावर ठपका नाही. पण ते 'आम्ही' म्हणाले. तेव्हा अजून एक ठिकाण बघतो. अंडी कुठे घेता?"

घेता म्हणजे भाव. अंडीवाली मावशी याच दुकानाच्या खालच्या पायरीवर बसायची, हातभर अंतरावर. झालेलं सगळं बोलणं तिच्या कानावर पडलेलं होतं, पण तिचा चेहरा टोपलीतल्या अंड्यांइतकाच गुळगुळीत होता.

"अंड्यांची पावती नसते," ती मावशीकडे न बघता तपासनिसाला म्हणाली.

"मग नियम काय?"

"बाजूला उभं राहायचं. पुढची तीन गिऱ्हाइकं काय भाव देतात ते बघायचं."

"तुमच्या तक्त्यात डझनाला बहात्तर आहे. तिघांनी तोच भाव दिला, तर मी इथेच सही करतो."

दोघं खांबाला टेकून उभी राहिली. पहिली आली एक तरुण मुलगी, खांद्याला पिशवी.

"डझन काय भाव?"

"बहात्तर," मावशी म्हणाली.

"किती?"

"बहात्तर म्हटलं ना."

"मग दोन डझन द्या," मुलगी घाईघाईने म्हणाली, मावशीचा विचार बदलायच्या आत.

तपासनिसाने वहीत एक रेघ ओढली. ताईंच्या मागून किराणावाला पुटपुटला, फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं, "अठ्ठ्याहत्तरला तर मावशीलाच पडतात."

दुसरे एक आजोबा आले. त्यांनी अर्धा डझन मागितली, भाव ऐकून एक डझन केली आणि रस्त्यापलीकडच्या ओळखीच्या माणसाला मोठ्याने हाक मारून सांगितलं. दुसरी रेघ पडली. पलीकडची दोन-चार माणसं इकडे वळली. मावशी मान वर न करता अंडी मोजत होती. एकेक उचलायची, उजेडाकडे धरायची, कागदाच्या पुड्यात ठेवायची. तिचा मुलगा हिच्या नवऱ्याच्याच कारखान्यात होता, त्याच पाळीला. भत्त्याचं जे काय सांगितलं गेलं ते तिला कळलं नव्हतं असं नाही.

तिसरी बाई पुढे आली. "मलाही त्याच भावात, हं. डझन."

एवढी एक रेघ पडली की झालं. काही करायचं नव्हतं, खांबाला टेकून राहायचं होतं फक्त. मुलीची दोन वर्षं निघतील. काकांचं दुकान यादीतून जाईल, त्याने काकांचं काय बिघडतंय? पुढच्या महिन्यापासून ती सगळ्या पावत्या बघेल, अगदी एकेक. तिने हे सगळं मनात भराभर मांडलं, आणि ते सगळं पटतही होतं. मावशीने सहावं अंडं उजेडाकडे धरलं. हाही डझन तोट्यात जाणार होता.

"साहेब," ती म्हणाली, "मी पावती बघत नाही."

तपासनिसाचं पेन थांबलं.

"काकांची नाही, कुणाचीच नाही. किती वर्षं झाली. खुणा मी कचेरीत बसून करते. काका खोटं बोलतात, मावशी खोटं विकते, आणि मीही सकाळी तुमच्याशी खोटं बोलले."

"गप गं तू," मावशी वर न बघता म्हणाली. "मधे बोलू नकोस. माझं मोजणं चुकतं."

"मावशी, हात आवर. खरा भाव सांग त्यांना."

"बहात्तर."

"मावशी!"

पुड्यात सात अंडी होती. मावशी त्यांच्याकडे बघत बसली. किराणावाला आतून उठून पायरीवर आला होता. तपासनिसाने दोन रेघा काढलेलं पान उलटलं आणि कोऱ्या पानावर तारीख घातली.

"लिहून घ्या, साहेब," ती म्हणाली. "आणि जरा लवकर लिहा. मावशीची टोपली संपत आलीये."

मावशीने पदराने नाक पुसलं. मग तिसऱ्या बाईकडे बघून, भांडण काढल्यासारखी म्हणाली, "चौऱ्याऐंशी."

"अहो, आत्ता तर बहात्तर म्हणालात!" बाई भडकली. तिने आधी मावशीकडे, मग मागच्या रांगेकडे आणि शेवटी खांबापाशी तक्ता घेऊन उभ्या असलेल्या हिच्याकडे पाहिलं. "आणि ही कोण आली मधेच भाव वाढवणारी?"

तिने अंड्यांची ओळ शोधली, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, चौऱ्याऐंशी.