एका पायाचा कलबूत आणि बाराशे जोड बूट

मित्रांनो, मी एक जुना लाकडी पाय आहे. मला कलबूत म्हणतात. मोची माझ्यावर कातडं ताणून बूट शिवतो आणि बूट तयार झाला की मला ओढून बाहेर काढतो. आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं तापलेलं आहे. लाकडाला डोकं कुठलं, असले फाटे फोडू नका. माझ्या जागी तुम्ही असता, तर तुमच्याही तळपायाची आग मस्तकात गेली असती.

माझा जन्म एका माणसासाठी झाला. एकाच. वीस वर्षांपूर्वी आमच्या दुकानात एक तरुण बाई लंगडत आली. घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायची नोकरी तिला नुकतीच लागली होती, म्हणून गल्लीत तिला सगळे मीटरवाली म्हणायचे. लहानपणी तिच्या उजव्या पायावरून हातगाडीचं चाक गेलं होतं. अंगठ्याच्या मुळाशी अर्ध्या लिंबाएवढं हाड वर आलं होतं आणि शेजारची दोन बोटं एकमेकांवर चढून बसली होती. आमच्या म्हाताऱ्या मोचीकाकांनी तिला स्टुलावर बसवलं. तिचा पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली, सात ठिकाणी दोरीने माप घेतलं आणि मग लाकडाचा ठोकळा कोरायला घेतला. तो ठोकळा म्हणजे मी. अंगठ्यापाशी कातड्याचे तुकडे एकावर एक चिकटवून काकांनी मला तिच्यासारखाच उंचवटा केला. पुढे तिचा पाय सुजला की माझ्यावर एक थर चढायचा, सूज उतरली की थर निघायचा.

डाव्या पायाचा माझा भाऊही आहे. तो साधा, सरळ. तिचा उजवा बूट लवकर झिजायचा, म्हणून भिंतीवरच्या पन्नास-साठ कलबुतांत सगळ्यात जास्त वापर माझाच झाला. वापरून वापरून मी असा गुळगुळीत झालो की काका कौतुकाने माझ्यावरून अंगठा फिरवायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग काकांचे हात थरथरायला लागले. कातडं ताणायला जोर पुरेना. काकांचा मुलगा इतकी वर्षं बाहेरगावी बुटांच्या गोदामात काम करायचा, तो परत आला. दुकानामागच्या शेडमध्ये त्याने यंत्रं बसवली आणि दारावर एक फळा लावला. फळ्यावर लिहिलं, ‘आजचे उत्पादन’. खाली आकडा.

“बाबा, तुम्ही आठवड्याला एक जोड करता. याला उत्पादन म्हणत नाहीत,” तो म्हणाला.

“मी कुठे म्हणतोय? मी बूट घडवतो,” काका म्हणाले.

“एकच ते!”

एकच? अरे वा रे शहाण्या! मित्रांनो, तुम्ही तरी नीट ऐका. झाडाला फळ धरतं, गाय दूध देते, खाणीतून कोळसा निघतो, हे सगळं उत्पादनच. आधी नव्हतं ते आलं, मोजलं, झालं. त्यात वाईट काही नाही. कोळसा कोणाच्या शेगडीत जाणार, हे खाणीला विचारायची गरजच नसते. पण कातड्याचा बूट किंवा लाकडाची खुर्ची घडवायला बसलात, की पहिला प्रश्न हाच, हे कोणासाठी? हाताने घडवा नाहीतर यंत्राने, या प्रश्नातून सुटका नाही. यंत्रांवर माझा राग मुळीच नाही. यंत्रावरच्या बुटांनी कितीतरी अनवाणी पाय झाकले आहेत. माझा राग आहे तो न विचारता धावत सुटणाऱ्यांवर.

आणि हा गडी तसाच धावला. काका दवाखान्यात गेले होते त्या दिवशी तो यंत्रवाल्या मिस्त्रीला घेऊन भिंतीपाशी आला. सगळ्यांवरून नजर फिरवून त्याने मलाच उचललं.

“हा बघा. किती गुळगुळीत! बाबांचा सगळ्यात चांगला हाच.”

मिस्त्रीने मला उलटसुलट केलं. “पण हा उंचवटा कसला?”

“काहीतरी खुबी असणार हो. जुन्या लोकांकडे अशी गुपितं असतात.”

गुपित! अरे, तो एका बाईचा मोडलेला पाय होता! मला तोंड असतं तर तिथेच बोंब मारली असती. मिस्त्रीने माझ्या टाचेत भोक पाडून मला यंत्राला जखडलं आणि माझ्यासारखे लोखंडी साचे काढले, लहान, मध्यम, मोठे. माझीच उलटी नक्कल करून डावे साचेही काढले. म्हणजे आता उंचवटा दोन्ही पायांना! खोक्यांवर छापलं, ‘खास आरामदायी उंचवट्यासह’.

काका घरी आल्यावर मुलगा म्हणाला, “तुमचा एक कलबूत नेलाय हं. सगळ्यात चांगला.” काकांचे डोळे भरून आले. पोराने आपलं काहीतरी घेतलं, एवढ्यातच ते खूश झाले आणि कुठला नेला हे विचारायचंच विसरले. बापाची माया आंधळी असते, दुसरं काय!

फळ्यावरचा आकडा वाढत गेला. बाराशे जोड झाले तेव्हा देवाच्या तसबिरीला घालावा तसा मुलाने फळ्याला हार घातला. तीन आठवड्यांत खोकी परत यायला लागली. कोणाचा अंगठा सोलला होता, कोणाच्या बुटात हवा खेळत होती. मुलगा प्रत्येकाला सांगायचा, “वापरा, सवय होईल.” शेवटी दुकानात खोक्यांनी पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा त्याने मला भंगाराच्या टोपलीत भिरकावलं.

“या ठोकळ्यानेच घात केला!”

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

त्याच आठवड्यात मीटरवाली आली. तिच्या बुटांचे तळ सुटले होते आणि तिने ते चिकटपट्टीने गुंडाळले होते. उजव्या पायाला जखम झाली होती. “काका, काहीही करा,” ती म्हणाली. “साहेबाने सांगितलंय, पहिल्या तारखेपासून रोजची पूर्ण फेरी, नाहीतर माझा भाग दुसऱ्याला. घरात मिळवणारी मी एकटीच आहे. नऊ दिवस उरलेत.”

काका माझ्या खुंटीकडे गेले. खुंटी रिकामी. भिंतीवरचा एकेक कलबूत त्यांनी हाताने चाचपला आणि पुन्हा माझ्या खुंटीपाशी आले. मी टोपलीतून सगळं बघत होतो. काय उपयोग?

मुलाला दया आली. “ताई, तोवर यातला एखादा घालून बघा,” म्हणत त्याने तिच्या मापाचं एक खोकं पुढे केलं. तिने भीतभीतच उजवा पाय आत सरकवला. उभी राहिली. पुन्हा बसली. पुन्हा उभी राहिली.

“अगं बाई! हा तर अगदी माझ्यासाठीच केलाय!”

काकांनी बुटात हात घातला. बोटं अंगठ्यापाशी थांबली. “कुठला कलबूत नेला होतास?” त्यांनी विचारलं. मुलाने टोपलीतून मला काढून दिलं. काकांनी मला मीटरवालीच्या उघड्या पायाशेजारी ठेवलं. मुलगा एकदा माझ्याकडे, एकदा तिच्या पायाकडे बघत राहिला. बाराशे जोडांवर कोणाचा पाय छापलाय, हे त्याला तेव्हा कळलं.

मी माझं काम चोख केलं होतं, मित्रांनो! एका पायाचं माप मी जसंच्या तसं सांगितलं. ते साऱ्या जगाचं माप आहे, असं मी कधी म्हटलं होतं?

मीटरवालीने डावा बूट घालून पाहिला. तिचा डावा पाय धडधाकट, आणि बुटाला तो नसता उंचवटा. दोन पावलांत कातडी सोलली गेली. ती आधी हसली, मग तिला रडू फुटलं. उजवे बूट ढीगभर होते, पण बाराशे जोडांत तिला चालेल असा एक डावा नव्हता.

“डावा मी करतो,” मुलगा म्हणाला.

“तुला येतो?” काकांनी विचारलं.

“लहानपणी तुमच्याजवळ बसून शिकलो होतो. विसरलो असेन तर शिव्या द्या.”

शिव्या भरपूर मिळाल्या. माझ्या डाव्या भावावर त्याने कातडं ताणलं, ते फाटलं. दुसरं सुरकुतलं. काका शेजारी बसून ओरडत होते, “अरे, बैल ओढतोयस का? हळू!” शेड आठ दिवस बंद होती आणि फळ्यावर कोणी काही लिहिलं नाही. नवव्या दिवशी सकाळी मीटरवाली नवा डावा बूट घालून दुकानाच्या पायऱ्या उतरली, चढली, पुन्हा उतरली.

“टाचेला जरा सैल आहे, दादा,” ती ओशाळून म्हणाली. “माझेच पाय मेले वाईट.”

मुलगा तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने तिची टाच हातात घेतली. “पाय वाईट नाहीत, ताई. बूट चुकलाय. काढा, आत्ता देतो करून.”

दुपारी ती फेरीला गेली.

माझ्या टाचेत भोक आहे ते आहेच, आणि माझा राग गेलेला नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणी बूट कराल, कोणी घरं बांधाल, कोणी औषधं कराल. किती केलं ते खुशाल मोजा. पण आधी ज्याच्यासाठी करताय त्याच्यासमोर बसा आणि त्याचा पाय वाकून बघा. वाकायची लाज वाटत असेल, तर मेहेरबानी करून बुटांच्या वाटेला जाऊ नका.